बैलाचं बाळंतपण

त्रुटीसाहेबांनी गाय घेतली ती घरच्या दुधाच्या चहासाठी, असं ते सगळ्यांना सांगत. सगळे म्हणजे तरी किती? दोघं. भिंतीपलीकडचे कंपाउंडर आणि समोरच्या माडीवरच्या शिंपीणकाकू. बाकी गल्लीने विचारलंच नाही, आणि कोणी विचारल्याशिवाय खुलासा करायचा नाही ही साहेबांची नोकरीतली शिस्त होती.

नोकरी पाणीपुरवठा कचेरीत. चौतीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. नळजोडणीचा अर्ज त्यांच्या टेबलावरून पहिल्या खेपेला सहीसलामत पुढे गेला असं एकही उदाहरण नाही. तारीख नसायची. तारीख असली तर महिना अक्षरी नसायचा. सगळं जागच्या जागी असलं तर समास कमी सोडलेला असायचा. मग साहेब लाल शाईने आडवं लिहायचे, 'त्रुटी', आणि अर्ज परत. लोकांच्या घशाला कोरड पडली तरी साहेबांना पाझर फुटला नाही. त्यावरून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक नाही अशी लोकांची समजूत होती, आणि ती तशीच राहू देणं साहेबांना बरं वाटायचं.

तर गाय. यातली गोम अशी, की गाय दूध देत नव्हती. देणार कुठून? ती पहिल्यांदाच गाभण राहिलेली कालवड होती आणि व्यायला सात महिने अवकाश होता. दूधवाला विकताना म्हणाला होता, "पुढे दूधच दूध." हे 'पुढे' म्हणजे किती पुढे, ते साहेबांनी विचारलं नाही. तारखेशिवाय ज्याने कागदाला हात लावला नाही त्या माणसाने अख्खी कालवड तारीख न विचारता घरी आणली! मग सात महिने काय? सात महिने साहेब रोज सकाळी ऑफिसची जुनी बॅग काखोटीला मारून फिरायला जायचे, चार गल्ल्या पलीकडच्या दुकानातून दुधाची पिशवी घ्यायचे, ती बॅगेत लपवून घरी आणायचे आणि चहा करायचे. दारात गाय आणि बॅगेत पिशवी. कंपाउंडर भिंतीवरून विचारायचे, "काय साहेब, घरच्या दुधाचा का?"

"त्याची चवच वेगळी," साहेब म्हणायचे. हे अगदीच खोटं नव्हतं. चव वेगळी असायचीच, कारण साहेबांना चहा करता येत नव्हता.

खरं कारण दुसरंच होतं, आणि ते त्यांनी स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं साहेब संध्याकाळी सहाला कचेरीतून येत, स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसत आणि म्हणत, "अगं, ऐकलंस का?" मग दिवसभराचा अहवाल. कोण उशिरा आलं, कोणाचा अर्ज परत केला, बड्या साहेबांनी काय विचारलं आणि आपण काय सुनावलं. बायको भाजी चिरत असायची. मधून मधून म्हणायची, "हं." बस, एवढंच. पण त्या 'हं'शिवाय साहेबांचा दिवस संपायचा नाही.

दीड वर्षापूर्वी ती गेली. साहेब तोवर निवृत्त झाले होते का? नाही, दोन महिने राहिले होते. ते दोन महिने ते कचेरीत गेले, सहाला घरी आले आणि स्टुलावर बसले. ओट्याकडे तोंड करून एकदा "अगं" म्हणालेसुद्धा. मग आपलाच आवाज ऐकून उठले आणि उगाच नळ सोडून भांडी धुतली.

पुढे एकदा दूध पातळ येतं म्हणून तक्रार करायला ते दूधवाल्याच्या गोठ्यावर गेले. सहाचा सुमार. तक्रार मुद्देसूद होती, पहिल्या मुद्द्याचेच चार पोटमुद्दे होते. दूधवाला दुसऱ्या मुद्द्याला चारा टाकायला निघून गेला. साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा ते एका तांबड्या कालवडीशी बोलत होते. ती रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती. शेवटचा मुद्दा संपेपर्यंत ती हलली नाही, आणि संपल्यावर तिने नाकातून एक लांब सुस्कारा सोडला. साहेबांनी तिला त्याच आठवड्यात घरी आणलं. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला बांधलं आणि स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून शेडमध्ये नेऊन ठेवलं.

गाय पाळण्याचा रीतसर अर्ज, तीन प्रतींत, समास सोडून, हे वेगळं सांगायला नकोच. तिच्या कानात बिल्ला मारायला आलेल्या माणसाला साहेबांनी सूचनाही दिल्या. त्याने त्या ऐकल्या नाहीत, आणि त्याचा तपशील पुढे येईलच.

आता शेजार. कंपाउंडरांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीस वर्षं काढली होती, त्यामुळे कुठलंही दुखणं असो, ते आधी डोळे बघायचे. शिंपीणकाकूंच्या गळ्यात कायम मापाची टेप. त्या दर आठवड्याला येऊन गायीच्या पोटाचा घेर मोजायच्या आणि मान हलवायच्या. "भरतंय हो पोट. सैल माप धरा." कशाचं सैल माप, देव जाणे. साहेबांना हे दोघं अधूनमधून आलेले खपायचे, पण त्यांच्यासमोर ते गायीशी चकार शब्द बोलत नसत. हेडक्लार्क माणूस जनावराशी बोलतो अशी आवई उठली तर चौतीस वर्षांच्या अब्रूचं काय? त्यातून कंपाउंडरांशी चार महिन्यांपूर्वी बुद्धिबळावरून बिनसलेलं. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं चहा आणि हवामान यापलीकडे जात नव्हतं.

तर तो शनिवार उजाडला. पहाटेपासून गाय ऊठबस करत होती. आठच्या सुमाराला पाणमोट फुटली, दोन खूर दिसले, आणि तिथेच गाडी अडली. साहेबांनी डायरीत वेळ लिहिली. नऊला कंपाउंडर आले, त्यांनी गायीची पापणी वर करून दोन्ही डोळे तपासले. "वेळ आहे अजून. नजर शांत आहे."

"फिरवा तिला," काकू म्हणाल्या. "माझी तीन झाली. पहिलटकरणीला फिरवायचंच असतं."

साहेबांनी तिला परसात फिरवलं. अकरा फेऱ्या, प्रत्येक फेरीची डायरीत नोंद. अकरावीला गाय थांबली आणि तिने साहेबांकडे असं बघितलं, की त्यांनी डायरी मिटून खिशात घातली. खूर होते तेवढेच होते. तिचा श्वास मात्र जड झाला होता. साहेबांनी पशुदवाखान्यात फोन केला. उत्तर आलं, अर्जाशिवाय डॉक्टर बाहेर पडत नाहीत. उत्तर बरोबर होतं. साहेबांनीही तेच दिलं असतं. ते टोपी न घालताच निघाले, आणि टोपीशिवाय त्यांना गल्लीने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पशुदवाखान्याच्या टेबलामागचा कारकून त्यांना बघून उठून उभा राहिला. "साहेब! ओळखलंत का? पाणीपुरवठ्यात दोन वर्षं तुमच्या हाताखाली होतो."

साहेबांना हायसं वाटलं. आपला माणूस! "अरे, गाय अडलीय माझी. डॉक्टर लगेच पाठव."

"लगेच साहेब. बिल्ला नंबर?"

नंबर साहेबांना तोंडपाठ होता. कारकुनाने रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं, आणि बोट थांबलं. "साहेब, हा बैल आहे."

"कोण?"

"तुमची गाय."

"अरे, ती व्यायला झालीय! वासराचे पाय बाहेर आलेत!"

"आले असतील साहेब, मी नाही कुठे म्हणतो? पण बिल्ला मारणाऱ्याने इथे नर लिहिलंय. नराचं बाळंतपण मी कोणत्या रकान्यात लिहू?"

"रजिस्टर चुकलंय तुझं."

कारकून खुर्चीत ताठ बसला. "साहेब, रजिस्टर चुकत नाही, माणूस चुकतो. तुमचंच वाक्य आहे." आणि त्याने टेबलाच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेखाली खरोखरच ते वाक्य होतं, सुवाच्य अक्षरात, खाली दुहेरी रेघ. साहेबांना एकाच वेळी अभिमान वाटला आणि रडू आलं. आयुष्यात एक तरी शिष्य तयार व्हावा, तो झाला, आणि तो आज भेटला!

"दुरुस्ती होईल," कारकून म्हणाला. "अर्ज, दोन बाजूंनी फोटो, प्रत्यक्ष पाहणी. कामाचे आठ दिवस."

"आठ दिवस ती थांबायची नाही रे. आणि ती जर गेली, तर संध्याकाळी मी..." साहेब तिथेच थांबले.

साहेबांचं वाक्य अर्धवट राहिलेलं त्या कारकुनाने कधी ऐकलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, बैल आजारी असल्याचा अर्ज मात्र मी आत्ता घेऊ शकतो."

काय दिवस होता बघा! साहेबांनी पेन काढलं आणि लिहिलं: 'अर्जदाराच्या मालकीच्या बैलाच्या पोटात एक मोठी वस्तू अडकली असून ती सत्वर बाहेर काढणे अगत्याचे आहे.' खाली सही. तारीख होती, महिना अक्षरी होता, समास भरपूर होता, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही साहेबांनी धडधडीत खोट्या कागदावर केलेली ती पहिली सही होती. कारकुनाने कागद वरून खाली वाचला, नेहमीच्या सवयीने समास बोटांनी मोजला आणि म्हणाला, "त्रुटी नाही."

डॉक्टर म्हणून आली ती एक पोरसवदा डॉक्टरीण, शिंपीणकाकूंच्या खांद्याला लागेल एवढी. साहेबांचा चेहरा पडला. तिने स्कूटरवरून पेटी उतरवली, परसात येऊन कागद वाचला, गायीकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. "बैलाच्या पोटातली वस्तू?"

साहेबांनी दोन खुरांकडे बोट दाखवलं.

डॉक्टरणीने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, हात आत घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिली. "वस्तू जिवंत आहे," ती म्हणाली. "पण मोठी आहे, आणि वाट लहान. डोकं मागे वळलंय." तिने दोर बांधून बघितला, डोकं सरळ करून बघितलं, घामाघूम झाली. शेवटी हात बाहेर काढला. "असं होणार नाही. पोट उघडायला हवं. आत्ता, इथेच. अजून तासभर गेला तर दोन्ही जातील."

"दवाखान्यात नेऊ या की," कंपाउंडर म्हणाले.

"तेवढी चालणार नाही ती. आणि हिला झोपवायचंही नाही, उभ्या उभ्याच करायचं. डाव्या कुशीची कातडी बधिर करीन, दुखणार नाही, पण ती जागी असेल. मध्येच घाबरून बसली तर आतडी बाहेर येतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही." तिने साहेबांकडे बघितलं. "तुम्ही डोक्याशी उभे राहा आणि बोलत राहा. ओळखीचा आवाज असला की जनावर उभं राहतं. थांबायचं मात्र नाही."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

साहेबांनी काकूंकडे बघितलं, कंपाउंडरांकडे बघितलं. "मी कुठे जनावराशी बोलतो?" ते म्हणाले.

"मग हिला कोणाचा आवाज ओळखीचा आहे?"

साहेब जाऊन गायीच्या डोक्याशी उभे राहिले. डॉक्टरणीने कामंही वाटून टाकली. केस भादरून, कूस साबणाने धुऊन झाली. सलाइनची बाटली उंच धरून कंपाउंडर उभे राहिले. तीस वर्षं थेंब घातलेल्या माणसाच्या हातात अख्खी बाटली! ते नाही म्हटलं तरी दोन इंच उंच दिसू लागले. काकूंनी हात कोपरापर्यंत धुतले आणि सुईत दोरा ओवायला घेतला. बधिर करायच्या सुया टोचून झाल्या, डॉक्टरणीने पातं हातात घेतलं. "बोला."

साहेबांनी घसा साफ केला. "सर्व संबंधितांना कळवण्यात येते, की प्रस्तुत शस्त्रक्रियेदरम्यान शांतता राखावी. कोणीही विनाकारण हालचाल करू नये..."

गाय दचकली. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. तिने मान झटकली, मागचा पाय उचलला, आणि तिचे गुडघे किंचित वाकले.

"असं नाही!" डॉक्टरीण ओरडली. "बसतेय ती!"

साहेबांनी डोळे घट्ट मिटले. अब्रू गेली तर गेली, पण ही जायला नको. "अगं, ऐकलंस का?" ते म्हणाले.

गायीचे कान वळले. गुडघे सरळ झाले.

"आज शनिवार. साडेपाचला उठलो. चहा केला. दूध पिशवीचंच, म्हणजे नेहमीचंच. यांना वाटतं घरचं."

"काही वाटत नाही," कंपाउंडर बाटलीखालून पुटपुटले.

"बॅग गळते त्यांची," काकू सुईकडे बघत म्हणाल्या. "दुकानापासून दारापर्यंत ठिपके असतात रोज. अख्खी गल्ली जाणून आहे."

"तुम्ही बोलू नका," डॉक्टरीण म्हणाली. "त्यांना बोलू द्या."

सात महिने बॅग! पण गायीचा कान हलला, तसे ते पुढे सुरू झाले. एकदा बांध फुटल्यावर काय राहतं? "मंगळवारी काकूंनी सूप आणलं. मिरी इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं वा वा. दर मंगळवारी म्हणतो. मग तुझ्यापुढे ठेवतो, तर तूसुद्धा तोंड फिरवतेस. पण आणू नका असं म्हणवत नाही गं. डबा परत घ्यायला त्या पुन्हा येतात ना. म्हणजे आठवड्यातून दोनदा दार वाजतं."

काकूंच्या हातातला दोरा सुईच्या नेढ्याबाहेर गेला. त्यांनी तो पुन्हा ओवला.

"मुलीचा फोन रविवारी येतो. ती विचारते, जेवता ना वेळेवर? मी म्हणतो, हो. ती म्हणते, बाकी ठीक? मी म्हणतो, छान. मग ती म्हणते, ठेवते हं. तुझ्याबद्दल अजून सांगितलेलं नाही तिला. काय सांगू? दुधासाठी गाय घेतली म्हणू? आणि कंपाउंडरांचं तर तुला माहीतच आहे. मी फोन घ्यायला आत गेलो आणि यांनी घोडा सरकवला. मी बघितलं गं! बाहेर आलो तर घोडा भलत्याच घरात. बोललो नाही, पण दुसऱ्या रविवारपासून खेळणं बंद. तत्त्वाचा प्रश्न. आता पट मीच मांडतो आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. मजा नाही येत. कोणी फसवायलासुद्धा नसतं."

बाटली हलली. कंपाउंडरांनी दुसऱ्या हाताचा आधार घेतला.

"आलं!" डॉक्टरीण म्हणाली. तिचे दोन्ही हात गायीच्या कुशीत कोपरापर्यंत होते. "मागचे पाय धरा, ओढा, वर उचला! बाटली खिळ्याला अडकवा!" कंपाउंडर आणि काकूंनी एकेक पाय धरला, "हय्या" करून ओढलं, आणि एक भलंमोठं, ओलंचिंब, तांबडं वासरू गवतावर येऊन पडलं. पडलं ते पडलंच. हालचाल नाही, श्वास नाही.

"नाकात काडी घाला, छाती चोळा! मला टाके सोडून येता येत नाही!"

गायीने मागे वळून बघायचा प्रयत्न केला. दिसेना, तशी ती कण्हली आणि तिचे पाय कापायला लागले.

"साहेब, बोला!" कंपाउंडर ओरडले.

साहेबांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. अहवाल संपला होता. त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "अगं," ते म्हणाले, "माझं सगळं सांगून झालं. एक विचारायचं राहिलं. एकतीस वर्षं मी येऊन बसायचो आणि माझंच सांगायचो. तू भाजी चिरत हं म्हणायचीस. तुझा दिवस कसा गेला, हे मी एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, आज जरा बरं वाटत नाहीये. मी बूट घालत होतो. म्हटलं, संध्याकाळी बोलू. कचेरीत कधी उशिरा गेलो नव्हतो ना मी. त्या दिवशीही वेळेवर गेलो."

काकूंचे हात वासरावर थांबले होते. कंपाउंडरांनी त्यांना कोपराने ढोसलं आणि दोघं पुन्हा चोळायला लागले.

"आता विचारतो," साहेब म्हणाले. "कसं वाटतंय तुला? सांग. मला कुठे जायचं नाहीये." आणि ते गप्प झाले.

थांबायचं नाही असं सांगितलं होतं, तरी ते थांबले. ते खरोखरच ऐकत होते. डॉक्टरीण रागावली नाही, खाली मान घालून टाके घालत राहिली. गाय साहेबांच्या छातीला कपाळ लावून उभी होती, तशीच उभी राहिली. मग तिने नाकातून लांब सुस्कारा सोडला, त्यांचा सदरा भिजेल एवढा. आणि मागे गवतात काहीतरी शिंकलं.

"जगलं!" काकू किंचाळल्या. "अहो, जगलं! कालवड आहे!"

त्यानंतर साहेब पुन्हा सुरू झाले ते आवरेनात. इकडे टाके चालू होते, आणि काकू डॉक्टरणीच्या खांद्यावरून डोकावून सूचना देत होत्या, "जरा जवळ जवळ घ्या, बाई. उसवायला नको." कातडीचा शेवटचा टाका पडला, डॉक्टरणीने हात धुतले, पेटी बंद केली, तरी साहेब गायीला एका नळजोडणीच्या जुन्या प्रकरणाची हकिगत सांगतच होते. "आजोबा," डॉक्टरीण हळूच म्हणाली, "आता थांबलात तरी चालेल."

जाण्यापूर्वी तिला अर्जाखाली निकाल लिहायचा होता. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं: 'बैलाच्या पोटातील वस्तू काढली. बैल व वस्तू दोघेही सुखरूप. वस्तू दूध पीत आहे.' साहेबांनी तो कागद वाचला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं. हसता हसता ते स्टुलावर बसले आणि टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलीचा फोन आला. "जेवता ना वेळेवर?"

"हो. आपल्याकडे बाळंतपण झालं काल."

"बाळंतपण? कोणाचं?"

"बैलाचं," साहेब म्हणाले. मग त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि मुलीने ठेवते हं म्हणायच्या आतच त्यांच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा आपलंच सांगितलं, म्हणून त्यांनी विचारलं, "तुझं कसं चाललंय?" ती म्हणाली, "छान." ते छान त्यांना ओळखीचं वाटलं. आपलंच छान होतं ते. त्यांनी लगेच फोन ठेवला नाही, पण पुढे काय विचारतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तिलाही काय सांगतात हे ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी बघू, असं मनाशी म्हणून त्यांनी ठेवला.

दिवसभर त्यांनी पुढची खिडकी उघडली नाही. काल जे जे तोंडून गेलं ते एकेक आठवून कानशिलं तापत होती. सूप, बॅग, घोडा, आणि ते शेवटचं. कोणत्या तोंडाने भिंतीपलीकडे बघायचं?

सहा वाजले तसे ते सवयीने परसात गेले. शेडमध्ये कंपाउंडर होते. पालथ्या बादलीवर बसलेले, पुढ्यात वासरू.

"वासराला बघायला आलो," कंपाउंडर म्हणाले.

"हो का. बसा."

साहेब स्टुलावर बसले. गाय रवंथ करत होती. त्यांना "अगं" म्हणायचं होतं, पण कंपाउंडरांसमोर तोंड उघडेना. कंपाउंडरही उठेनात. मग कंपाउंडर पुढे वाकले आणि साहेबांकडे न बघता वासराशी बोलायला लागले.

"तुला म्हणून सांगतो हं," ते म्हणाले. "घोडा मी सरकवला नव्हता. हात लागून पडला. उचलून ठेवला, पण कोणत्या घरात ठेवला ते दिसलं नाही मला. वर्ष झालं, नीट दिसत नाही. काल सकाळी हिच्या डोळ्यांत बघितलं, वेळ आहे म्हणालो, तेव्हा मला काहीएक दिसलं नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब घातले. आता मलाच दिसत नाही, हे सांगू कोणाला?"

साहेबांच्या जिभेवर खूप काही आलं. वर्षभर अंगावर काढणं ही अक्षम्य दिरंगाई होती. तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी होती. आणि सदरहू खुलासा चार महिन्यांपूर्वी का सादर केला नाही, हा मुद्दा तर उरतोच. त्यांनी तोंड उघडलं, गायीकडे बघितलं, आणि सगळे मुद्दे गिळले.

"हं," ते म्हणाले.

कंपाउंडर जरा थांबले, आणि मग पुढचं सांगायला लागले.